माणकापासून बॅटरीपर्यंत: एका स्फटिकरचनेची कहाणी

भारतातून पाहुणे आले की त्यांना टॉवर ऑफ लंडन दाखवणे हा आपल्या यजमानधर्माचाच एक भाग होऊन बसला आहे. सगळ्यांचे डोळे लागलेले असतात ते कोहिनूरकडे. कोहिनूर पाहायचा, "आपला होता हो, नेला लुटून" असे जरा मोठ्यानेच मराठीत म्हणायचे आणि बाहेर येऊन डबा उघडायचा, हा क्रम आता ठरून गेला आहे. पण त्याच रत्नशाळेतल्या इम्पीरियल स्टेट क्राउनच्या दर्शनी भागी एक मोठा, नुसताच घासून गुळगुळीत केलेला लाल खडा आहे. त्याच्यापाशी फारसे कुणी थांबत नाही. त्याला 'ब्लॅक प्रिन्सचे माणिक' म्हणतात. १३६७ साली स्पेनमधल्या नाहेराच्या लढाईनंतर कॅस्टीलच्या पेद्रो राजाने तो इंग्लंडच्या राजपुत्राला दिला, अशी परंपरागत कथा आहे. गंमत अशी की ते माणिक नाहीच. ते आहे स्पिनेल.

असाच आणखी एक खडा इथल्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. त्याला 'तैमूरचे माणिक' म्हणतात आणि त्याचे वजन साडेतीनशे कॅरटच्या वर आहे. १८४९ साली पंजाब खालसा झाल्यावर लाहोरच्या खजिन्यातून तो कंपनीच्या हाती पडला आणि १८५१ मध्ये व्हिक्टोरिया राणीला नजर झाला. त्याच्यावर एकामागून एक मालकांची नावे कोरली आहेत: जहांगीर, शाहजहान, औरंगजेब, फर्रुखसियर, नादिरशहा, आणि शेवटी पानिपतावर आपल्या लोकांशी लढलेला अहमदशहा अब्दाली. तोही माणिक नव्हे, स्पिनेलच. बदख्शानच्या खाणींतल्या या खड्यांना फारसीत 'लाल' हा वेगळा शब्द होता. युरोपात मात्र माणिक आणि स्पिनेल ही दोन वेगळी खनिजे आहेत, हे रोमे द लील या फ्रेंच स्फटिकशास्त्रज्ञाने १७८३ मध्ये स्पष्ट केले. माणिक म्हणजे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. स्पिनेल म्हणजे मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम या दोघांचे मिळून झालेले ऑक्साइड. दोघांनाही लाली येते ती किंचितशा क्रोमियममुळे.

आता मंडळाच्या अंकात हे रत्नपुराण कशासाठी, असे वाचकांना वाटेल. माझी डॉक्टरेट लिथियम टायटॅनेट नावाच्या एका पांढऱ्या सिरॅमिक भुकटीवर आहे, आणि पोट मात्र मी गेली पंधरा-सोळा वर्षे सॉफ्टवेअरवर भरतो. आपल्यापैकी पुष्कळांची हीच कथा आहे. शिकलो एक, करतो भलतेच. त्यामुळे सुट्टीत पुण्याला गेलो की काका, मावशी, शेजारचे जोशी, सगळे एकच प्रश्न विचारतात, "मग त्या भुकटीचा उपयोग काय झाला?" प्रश्न रास्त आहे. माझ्या एकट्याच्या आयुष्यातून त्याचे उत्तर निघत नाही, पण त्या भुकटीच्या इतिहासातून निघते. आणि तो इतिहास या लाल खड्यांपासूनच सुरू होतो, कारण राजमुकुटातल्या स्पिनेलमधली अणूंची मांडणी आणि माझ्या भुकटीतली मांडणी एकच आहे.

संत्र्यांचा ढीग

ही मांडणी समजायला फार गणित लागत नाही. फळवाल्याच्या गाडीवर संत्र्यांचा ढीग कसा रचतात ते आठवा. एक थर, त्याच्या खळग्यांत दुसरा थर, त्यावर तिसरा. संत्री म्हणजे ऑक्सिजनचे अणू समजा. ढीग कितीही दाट रचला तरी संत्र्यांच्या मध्ये फटी उरतातच. काही फटी चार संत्र्यांच्या मध्ये असतात, त्या लहान. काही सहा संत्र्यांच्या मध्ये असतात, त्या जरा मोठ्या. धातूंचे अणू बसतात ते या फटींत. आपण त्यांना खोल्या म्हणू.

स्पिनेलच्या रचनेत जो घन पुन्हापुन्हा येतो, त्यात ३२ ऑक्सिजन असतात. त्यांच्यामध्ये लहान खोल्या ६४ आणि मोठ्या खोल्या ३२, म्हणजे एकूण ९६. पैकी लहान खोल्यांतल्या फक्त ८ आणि मोठ्यांतल्या फक्त १६ भरलेल्या असतात. लहान खोल्यांत मॅग्नेशियम, मोठ्या खोल्यांत ॲल्युमिनियम. बाकीच्या ७२ खोल्या रिकाम्या! लिथियम टायटॅनेटच्या घनाची बाजू ८.३६ अँगस्ट्रॉम आहे, म्हणजे एका मिलिमीटरच्या लांबीत असे सुमारे बारा लाख घन ओळीने बसतात.

भरलेल्या खोल्यांचा अभ्यास आधी झाला आणि रिकाम्यांचा फार नंतर. पुढे सांगतो आहे ती सगळी हकिकत या दोन अभ्यासांमधल्या काळाची आहे.

१९१५ साल

अणू कुठे बसले आहेत हे पाहण्याचे साधन माणसाच्या हाती आले ते १९१२ मध्ये. म्युनिकमध्ये लाउए यांच्या कल्पनेवरून फ्रीडरिश आणि क्निपिंग यांनी स्फटिकातून एक्स-किरण सोडले आणि पलीकडच्या काचेवर ठिपक्यांची नक्षी उमटली. त्या ठिपक्यांवरून अणूंच्या जागा काढण्याची रीत बसवली ती ब्रॅग पितापुत्रांनी. वडील विल्यम हेन्री ब्रॅग १८८६ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आतबाहेर, प्राध्यापकी करायला इंग्लंडहून थेट ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडला गेले होते. १९०९ मध्ये ते परत येऊन लीड्सला स्थिरावले. मुलगा लॉरेन्स ॲडलेडमध्येच जन्मला आणि वाढला. परदेशी जाऊन संसार थाटायचा आणि वीस-बावीस वर्षांनी मुलांसकट परतायचे, हा प्रयोग त्यांनी आपल्याआधीच करून पाहिला होता म्हणायचे.

१९१५ मध्ये वडील ब्रॅग यांनी स्पिनेल आणि लोहचुंबकाचा दगड, म्हणजे मॅग्नेटाइट, यांची रचना उलगडून छापली. दोन्ही खनिजांची मांडणी तीच निघाली. एक रत्न, दुसरा दगड, पण घर एकाच नकाशाचे. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात त्यांचा धाकटा मुलगा रॉबर्ट गॅलिपोलीच्या मोहिमेत मारला गेला. नोव्हेंबरात बापलेकांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. लॉरेन्स तेव्हा पंचवीस वर्षांचा होता आणि युद्धावर होता. ज्या वर्षी युरोपभर घरे उद्ध्वस्त होत होती, त्याच वर्षी एक माणूस लाल खड्याच्या आत कोण कुठल्या खोलीत राहतो याचा हिशेब मांडत होता. "याचा उपयोग काय?" असे त्याला कुणी विचारले असते, तर तो काय सांगणार होता?

पण इथे एक दुसरे नाव घेतलेच पाहिजे. त्याच १९१५ मध्ये, ब्रॅग यांच्याशी काही संबंध नसताना, टोकियोत शोजी निशिकावा यांनी स्पिनेलची हीच रचना स्वतंत्रपणे शोधून काढली. स्फटिकांच्या सममितीचे गणित त्याआधी कागदावर तयार होते. रचना शोधण्यासाठी ते पद्धतशीरपणे वापरणाऱ्या पहिल्या माणसांत निशिकावा होते. पुढे ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात काही काळ गेले, आणि तिथे राल्फ वायकॉफ नावाच्या एका तरुण विद्यार्थ्याला त्यांनी ही विद्या शिकवली. आज जगभरचे विद्यार्थी स्फटिकातल्या खोल्यांना '८ ए', '१६ सी', '१६ डी' असे पत्ते देतात, त्यांना 'वायकॉफ स्थाने' म्हणतात. माझ्या प्रबंधात हे पत्ते शेकडो वेळा आले असतील. त्यामागे टोकियोहून आलेला एक पाहुणा शिक्षक होता हे मला त्या वेळी कुणी सांगितले नव्हते. पाठ्यपुस्तकात वायकॉफ उरले, ब्रॅग उरले, आणि निशिकावा तळटीपेत गेले.

स्मरणशक्तीची मणीमाळ

या रचनेला पहिले मोठे काम मिळाले ते लोहचुंबकाच्या बाजूने. १९३० मध्ये टोकियोतच काटो आणि ताकेई यांनी फेराइट, म्हणजे स्पिनेल रचनेची चुंबकीय सिरॅमिक्स, तयार केली. त्यांच्यातून वीज जवळजवळ वाहत नाही, पण चुंबकत्व टिकते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत एमआयटीच्या 'व्हर्लविंड' संगणकाला भरवशाची स्मृती हवी होती. १९५३ मध्ये त्याला फेराइटच्या बारीक कड्यांची स्मृती बसवण्यात आली. प्रत्येक कडे तारांत ओवलेले. कडे एका दिशेने चुंबकित झाले की शून्य, उलट दिशेने झाले की एक. मणी ओवावेत तशी ही कडी हाताने ओवली जात, आणि कारखान्यांत ते काम मुख्यतः स्त्रिया करत. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जगातल्या बहुतेक संगणकांची स्मृती अशीच होती. प्रोग्रॅम कोसळला की आम्ही सॉफ्टवेअरवाले आजही 'कोअर डंप' पाहतो, त्यातला 'कोअर' म्हणजे हे फेराइटचे कडे. माझी जुनी विद्या आणि नवी नोकरी यांच्यात नाते आहे, ते असे!

एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत या फेराइटवर काम करायला १९५२ मध्ये एक तरुण भौतिकशास्त्रज्ञ दाखल झाला. त्याचे नाव जॉन गुडइनफ. कोणत्या खोलीत कोणता अणू बसला की चुंबकत्व कुठल्या दिशेला वळते, याचा तो अनेक वर्षे विचार करत राहिला. हाच माणूस १९७६ मध्ये, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, ऑक्सफर्डला आला, असेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचा प्रमुख म्हणून. आपल्यातले कित्येक जण चौपन्नाव्या वर्षी निवृत्तीचे हिशेब मांडू लागतात. गुडइनफ यांनी १९८० मध्ये तिथे सहकाऱ्यांबरोबर लिथियम कोबाल्ट ऑक्साइड हे बॅटरीचे द्रव्य दाखवून दिले. आपल्या खिशातल्या फोनची वंशावळ तिथून सुरू होते. त्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर २०१० मध्ये निळी पाटी बसली आहे. ऑक्सफर्डला गेलात तर जरूर पाहा. २०१९ चे नोबेल त्यांना मिळाले तेव्हा ते सत्त्याण्णव वर्षांचे होते. २०२३ मध्ये ते वारले.

रिकाम्या खोल्यांचा शोध

१९८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाहून मायकेल थॅकरे नावाचा तरुण संशोधक गुडइनफ यांच्याकडे आला. नाव वाचून कुणाला दादरची आठवण झाली तर त्यात त्याचा दोष नाही! त्याने बरोबर कल्पना आणली होती ती लोहचुंबकाच्या दगडाची. या दगडात लिथियम शिरते, असे त्याला दिसले होते. स्पिनेल म्हणजे रत्नासारखे घट्ट द्रव्य, त्यात बाहेरून आणखी अणू शिरणार कुठे, अशी शंका गुडइनफ यांना सुरुवातीला आली, असे थॅकरे यांनी पुढे सांगितले आहे. पण प्रयोग केल्यावर लिथियम साध्या खोलीच्या तापमानालाच आत गेले. रचना तपासली तेव्हा उलगडा झाला. लहान खोल्यांतले लोह उठून शेजारच्या रिकाम्या मोठ्या खोल्यांत गेले होते आणि उरलेल्या मोठ्या खोल्यांत लिथियम येऊन बसले होते. ऑक्सिजनचा सांगाडा जागच्या जागी होता. १९१५ पासून कागदावर रिकाम्या दाखवलेल्या त्या खोल्या एकमेकींना जोडलेल्या आहेत, त्यांच्यातून सर्व दिशांना वाट आहे, हे आता लक्षात आले.

त्यानंतर थॅकरे, डेव्हिड, ब्रूस आणि गुडइनफ यांनी १९८३ मध्ये मँगॅनीजच्या स्पिनेलमध्ये तेच करून दाखवले. सुरुवातीच्या निसान लीफ गाड्यांच्या बॅटरीत हे मँगॅनीज स्पिनेल होते. इथल्या संडरलंडच्या कारखान्यात २०१३ पासून त्या गाड्या बनू लागल्या.

टायटॅनियमची पाळी याच सुमारास आली. लिथियम आणि टायटॅनियमचे स्पिनेल फ्रान्समध्ये १९७१ साली तयार झाले होते. त्याचा एक प्रकार १९७३ मध्ये उणे २६० अंश सेल्सियसच्या आसपास अतिवाहक होतो असे आढळल्यामुळे भौतिकशास्त्रज्ञांना त्याचे कौतुक. बॅटरीच्या दृष्टीने त्याच्याकडे पाहिले ते १९८९ मध्ये कॅनडात कोलबो, डान आणि हेरिंग यांनी, मग १९९४ मध्ये प्रिटोरियात थॅकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. आणि १९९५ मध्ये ओसाकाच्या त्सुतोमु ओझुकु यांनी त्याला जे नाव दिले, ते कायमचे चिकटले: 'झिरो स्ट्रेन'. स्ट्रेन म्हणजे इथे मनावरचा ताण नव्हे, आकारातला बदल. तो शून्य.

हे कसे होते, त्याचा हिशेब इतका सरळ आहे की शाळकरी मुलालाही करता येईल. या द्रव्याच्या सूत्रात चार लिथियम, पाच टायटॅनियम आणि बारा ऑक्सिजन असतात. तीन लिथियम तीन लहान खोल्यांत बसतात. चौथा लिथियम आणि पाच टायटॅनियम मिळून सहा मोठ्या खोल्या भरतात. आणखी सहा मोठ्या खोल्या रिकाम्या असतात. बॅटरी चार्ज करताना बाहेरून तीन नवे लिथियम येतात. ते आले की लहान खोल्यांतले तीन जुने रहिवासी उठतात, आणि जुने तीन, नवे तीन मिळून त्या सहा रिकाम्या मोठ्या खोल्यांत बसतात. बॅटरी वापरली की तिघे निघून जातात आणि उरलेले तिघे आपापल्या लहान खोलीत परततात. इतकी ये-जा होऊनही घराच्या भिंती हलत नाहीत. घनफळातला फरक ०.२ टक्क्यांपेक्षाही कमी असतो. नेहमीच्या बॅटरीतले ग्रॅफाइट चार्ज होताना सुमारे १० टक्के फुगते. रोज फुगणारी आणि आक्रसणारी भिंत कधीतरी तडकणारच. इथे भिंत हलतच नाही, म्हणून ही बॅटरी हजारो वेळा चार्ज झाली तरी थकत नाही. शिवाय लिथियम टायटॅनेट १.५५ व्होल्टच्या पातळीवर काम करते, त्यामुळे घाईने चार्ज करतानाही धातुरूप लिथियमचे काटे वाढून आग लागण्याचा धोका फारच कमी.

माझे काम याच्या पुढचे आणि अगदी लहानसे होते. टायटॅनियम डायऑक्साइड आणि लिथियम कार्बोनेट एकत्र दळायचे, भट्टीत ८०० अंशांच्या वर भाजायचे. लिथियम थोडे जास्तच घालायचे, कारण भाजताना ते उडून जाते. मग रात्रभर एक्स-किरणांचे यंत्र लावून ठेवायचे. सकाळी आलेखात १८ अंशांच्या जरा पुढे पहिले उंच शिखर दिसले आणि २७ अंशांच्या पुढे रुटाइलचे नको ते शिखर दिसले नाही, की दिवस चांगला. अडचण अशी की लिथियमजवळ इलेक्ट्रॉन अवघे तीन, त्यामुळे एक्स-किरणांना ते जवळजवळ दिसतच नाही. त्यासाठी न्यूट्रॉन लागतात. ऑक्सफर्डजवळच्या आयसिस या न्यूट्रॉन केंद्राकडे जगभरचे लोक नमुने घेऊन येतात ते अशाच कामांसाठी. कोण कुठल्या खोलीत आहे ते तिथे कळते.

किंमत आणि एक चुलत भाऊ

याचे गुणगान ऐकून कुणी असे समजू नये की उद्या सगळ्या गाड्या यावर धावतील. घर न हलवण्याची किंमत मोजावी लागते. एका ग्रॅममध्ये ग्रॅफाइट सुमारे ३७२ मिलिअँपिअर-तास साठवते, लिथियम टायटॅनेट अवघे १७५. सेलचा दाबही २.४ व्होल्टच्या आसपास, नेहमीच्या सेलचा ३.६ किंवा ३.७. म्हणजे तेवढ्याच ऊर्जेसाठी बॅटरी बरीच जड होते. फोनला, लांब पल्ल्याच्या गाडीला ती परवडत नाही. पण जिथे वजनापेक्षा टिकाऊपणा आणि सुरक्षितता महत्त्वाची, तिथे ती शोभते. तोशिबाने २००८ मध्ये ती बाजारात आणली. २०२० पासून धावणाऱ्या जपानच्या एन७००एस शिंकान्सेन गाड्यांत ती आहे. भूकंपात किंवा इतर कारणाने वीज गेली, तर गाडी स्वतःच्या बॅटरीवर हळूहळू सुरक्षित जागी जाऊ शकते.

लिथियम टायटॅनेटचा एक चुलत भाऊही आहे. दोन लिथियम, एक टायटॅनियम, तीन ऑक्सिजन. संत्र्यांचा ढीग तसाच, पण यात मोठ्या खोल्या सगळ्या भरलेल्या, थरावर थर. नव्या पाहुण्याला जागाच नाही, म्हणून बॅटरीला हा चालत नाही. याचे काम वेगळे. त्याच्यातल्या लिथियमवर न्यूट्रॉन आदळला की ट्रिटियम तयार होते, आणि अणूंच्या मीलनातून ऊर्जा मिळवायची तर ट्रिटियम हे इंधन लागते. दक्षिण फ्रान्समधल्या 'ईटर' या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारत २००५ मध्ये सहभागी झाला. तशा अणुभट्टीसाठी या द्रव्याच्या बारीक गोळ्या करण्याचे काम आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही झाले आहे. एकाच्या रिकाम्या खोल्या कामाला आल्या, दुसऱ्याच्या भरलेल्या.

मग उपयोग काय?

१९१५ ते १९९५, ही ऐंशी वर्षे झाली. ब्रॅग १९४२ मध्ये गेले, निशिकावा १९५२ मध्ये. दोघांनीही लिथियमची बॅटरी पाहिली नाही. त्यांनी घराचा नकाशा काढून ठेवला, आणि नकाशा नीट काढायचा म्हणून रिकाम्या खोल्याही दाखवल्या. पुढच्यांनी आधी त्यातले चुंबकत्व वापरले, मग रिकाम्या खोल्या वापरल्या. लीड्स, टोकियो, कॉर्नेल, ऑक्सफर्ड, प्रिटोरिया, ओसाका असा हा नकाशा फिरला, तो मुख्यतः आपला गाव सोडून दुसरीकडे शिकायला किंवा शिकवायला गेलेल्या माणसांबरोबर.

प्रत्येक बिनउपयोगाच्या ज्ञानाचा पुढे उपयोग होतोच, असे मी म्हणणार नाही. माझ्या प्रबंधाच्या शेल्फवर शेजारी असे कित्येक प्रबंध आहेत, ज्यांची पाने पुन्हा कुणी उलटली नसतील. माझाही त्यांत असेल. पण कुठल्याचा होईल आणि कुठल्याचा नाही, हे ज्याला विचारले जाते त्याला त्या वेळी माहीत नसते, एवढे हा इतिहास निश्चित सांगतो.

हे सगळे लिहायला निमित्त झाले ते घरातलेच. मुलीचे ए-लेव्हलचे विषय ठरायचे आहेत. तिला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घेऊन पुढे शुद्ध विज्ञानच करायचे आहे, आणि मंडळाच्या जेवणावळीत तीन वेगवेगळ्या हितचिंतकांनी मला बाजूला घेऊन समजावले आहे, की कॉम्प्युटर किंवा मेडिसिनला घाल, नाहीतर तुझ्यासारखे व्हायचे. त्यांची काळजी खरी आहे. घरभाडी आणि फिया मलाही दिसतात. पण तिने मागच्या रविवारी माझा जुना प्रबंध काढून विचारले, "बाबा, हे १६ सी म्हणजे काय?" मी तिला डायनिंग टेबलावर संत्री रचून दाखवली. सहा संत्री घरात होती, तेवढ्यात एक खोली झाली. आणखी आणायला ती स्वतःच दुकानात गेली. विषयांचा फॉर्म भरायला अजून दोन आठवडे आहेत, आणि तो तिचा तिनेच भरावा असे आम्ही ठरवले आहे.